गच्चीवरच्या कोवळ्या लवक्या

माझ्या जिभेला हाड नाही, असं लोक मला लग्नाच्या आधीपासून सांगत आले आणि मी ते कौतुक समजत आले. सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं खिडकीवर बसले. तिथे गोड बोलून फायली हलत नाहीत. निवृत्त झाले तेव्हा जीभही माझ्यासोबत घरी आली आणि तिला रोज रागवायला कोणीतरी लागतं म्हणून आईने गच्चीवर भाजीपाला लावला, असं माझा मुलगा चारचौघांत सांगायचा. अगदीच खोटं नव्हतं ते. मी टमाटरच्या रोपांनाही टोमणे मारायचे.

नागपुरात गच्चीवर भाजी काढायची म्हणजे उन्हाशी उभा दावा. एप्रिल लागला की टमाटरची फुलं फळ न धरताच वाळून पडतात, शिमला मिरचीवर भाजल्याचे पांढरे चट्टे येतात. म्हणून मी अर्ध्या गच्चीवर हिरवी जाळी बांधून घेतली. पावसाळ्यात ती काढायची असते. मी काढली नाही, कारण माकडांनी पलीकडच्या घरचे पेरू एकूण एक खाऊन टाकले होते. उलट चारही बाजूंनी ती खालपर्यंत ओढली आणि कडेला विटा ठेवल्या. जाळीच्या आत सगळं माझं राज्य. कुंड्यांमध्ये टमाटर आणि मिरच्या, कडेने दोडके आणि कारली, मधल्या मांडवावर लवकी, जिला बाकीचा महाराष्ट्र दुधी म्हणतो. टमाटरची पानं चुरडायला लागली की मी दिवेलागणीला औषध फवारायचे. थोडंफार उडून मांडवावरही जायचं. जाऊ दे, तिथलेही किडे मरतील, असा माझा हिशोब.

माझी सून उमरेडची. शाळेत गणित शिकवते. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि त्या जूनमध्ये तिला दिवस गेल्याचं कळलं. त्याआधी आमच्यात फार बोलणं नव्हतं. ती मला भ्यायची आणि मला ते बरं वाटायचं, हेही सांगून टाकते. पण डॉक्टरांनी जपायला सांगितलं, तिने शाळेतून रजा घेतली, आणि सकाळी चहाचा कप घेऊन ती हळूहळू जिना चढून गच्चीवर यायला लागली. मी मातीत हात घालून बसलेली, ती पालथ्या बादलीवर. त्या दीड-दोन महिन्यांत आम्ही जितकं बोललो, तितकं सहा वर्षांत बोललो नव्हतो. आपल्याला मुलगी असती तर अशीच सकाळ गेली असती, असं मला वाटायचं. तिला मात्र मी ते कधी म्हटलं नाही.

तिला लवकीचा वेल आवडायचा. काही फुलांच्या मागे बोटाएवढी, अंगावर पांढरी लव असलेली इवलीशी लवकी असते. ती त्या रोज मोजायची. गणिताचीच बाई ती. बोट दाखवत एक, दोन, तीन.

"बोट नको दाखवू वं," मी म्हणायचे. "कोवळ्या फळाले बोट दाखवलं का ते सडते."

"खरंच काय, आई?"

"दाखवाचंच असन त मुडपून दाखव."

मग ती बोट मुडपून मोजायची, हसायची, आणि पाचव्या-सहाव्या लवकीपाशी विसरून पुन्हा सरळ करायची. मी स्वतः हे मानत होते का? अर्धवट. माझी आई याच कारणावरून माझ्या हातावर चापट मारायची, आणि जे आपल्याला मारून शिकवलं ते आपण दुसऱ्याला सांगतोच. मी एवढंच केलं असतं, तर आज हे लिहायला बसले नसते.

लवक्या पिवळ्या पडायला लागल्या. टोकाकडून मऊ व्हायच्या आणि हात लावला की गळायच्या. आठवडाभरात अकरा गेल्या. माझा संताप संताप झाला. मुलगा दहावीत गणितात गटांगळी खाऊन आला तेव्हाही मी एवढी चिडले नव्हते. त्यातच शेजारीण कढीपत्ता न्यायला वर आली आणि गळून पडलेल्या लवक्या बघून म्हणाली, "काहून वं, असं काय झालं?"

सून बाजूलाच बसली होती. मी म्हणाले, "हिच्या बोटात काय आहे, देव जाने. ज्याले दाखवते ते गळते."

शेजारीण हसली. सूनही हसली. मीही हसले. उचलली जीभ लावली टाळ्याला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, तिच्या पोटातलं गेलं. पाचवा महिना लागला होता. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, होतं असं कधीकधी, कोणाची चूक नसते. आम्ही तिला घरी आणलं तो तान्ह्या पोळ्याचा दिवस. गल्लीतली पोरं लाकडी बैल सजवून दारोदार फिरत होती. आमच्या फाटकाशी आली, तेव्हा मी त्यांना हातानेच पुढे जायला सांगितलं. संध्याकाळी शेजारीण डबा घेऊन आली आणि ओट्यापाशी उभी राहून मला हळूच म्हणाली, "बोलाफुलाले गाठ पडली म्हणायची, दुसरं काय." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण सुनेची खोली स्वयंपाकघराला लागून आहे आणि दार उघडं होतं.

आठ-दहा दिवसांनी मी तिला जेवण घेऊन गेले. ती भिंतीला टेकून बसली होती, उजवा हात डाव्या हाताने धरून.

"आई, सोनोग्राफीच्या वेळी मॅडमनं स्क्रीन माझ्याकडे फिरवली होती."

"मंग?"

"मी बोट दाखवून इचारलं होतं त्यायले, हे डोकं आहे काय म्हणून."

मला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं. त्या वेळी तिच्याजवळ बसायला हवं होतं. तिचा तो हात माझ्या हातात घ्यायला हवा होता. मी म्हणाले, "फालतू बोलू नको. जेवून घे." आणि ताट ठेवून बाहेर आले.

त्या दिवसापासून तिने कशालाच बोट दाखवलं नाही. आधी माझ्या लक्षात आलं नाही. घरात ती म्हणायची, वरच्या फळीवरचा, डावीकडून दुसरा डबा. भाजीवाल्याकडे नावं घेऊन सांगायची. शाळेत परत जायला लागली तेव्हा मुलाने मला सांगितलं की ती आता फळ्यावरचे आकडे लाकडी पट्टीने दाखवते. तो म्हणाला, शिस्तीची झाली आहे. मी त्याला खरं सांगितलं नाही. माझ्या तोंडून ते निघेना. बत्तीस वर्षं खिडकीवर बसून ज्या जिभेने भल्याभल्यांना गप्प केलं, ती नेमकी तेव्हा टाळूला चिकटली.

दिवाळीच्या सुमारास मी रोपवाटिकेत गेले आणि तिथल्या माणसाशी भांडले, की तुझं लवकीचं बी खराब निघालं. तो शांत माणूस. त्याने आधी जाळीचं विचारलं, मग औषधाचं. ते कधी मारता, तेही विचारलं. मग म्हणाला, "काकू, लवकीचं फूल संध्याकाळी उमलते. नराचा पराग मादीच्या फुलात पडला तरच फळ धरते. मांगची ती बारीक लवकी फूल उमलायच्या पहिलेच राहते, ते काही धरलेलं फळ नोहे. तुम्ही जाळीनं पराग नेणारी पतंग-पाखरं अडवली, आन् जी आत गेली त्यायले ऐन संध्याकाळी औषध मारून राहिल्या. मंग गळन नाही त काय होईन?"

लवक्या मी गाळल्या होत्या. माझ्या जाळीने आणि माझ्या फवाऱ्याने. इतकं हलकं वाटलं मला त्या वेळी, की रिक्षात बसून मी रडले. घरी पोचताच वेलावरचं एक नराचं आणि एक मादीचं फूल तोडलं, ताटलीत ठेवलं आणि सुनेच्या समोर घेऊन गेले. सगळं समजावून सांगितलं. कसं असतं, मी काय चुकले, सगळं. तिने वहीतलं गणित तपासावं तसं नीट ऐकलं.

"म्हणजे ते फळ धरलंच नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतंच वं. तुझ्या बोटाचा काय संबंध?"

"बरं झालं तुम्ही इचारून आल्या." तिने ताटली माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, "माझं त धरलं होतं ना, आई."

यावर कोणत्याच रोपवाटिकेत उत्तर नाही. डॉक्टरीण बाईंकडे पुन्हा नेलं, त्यांनी तेच सांगितलं, कोणाची चूक नसते. तिने मान डोलावली. शिकलेली बाई आहे, तिला सगळं कळतं. कळून काही फरक पडत नाही, हे मला या वयात समजलं.

या वर्षी मी जाळी लावलीच नाही. औषध बंद केलं. टमाटर किडले तर किडले. लवक्या मात्र इतक्या आल्या की गल्लीत वाटून संपेनात. ती एकदाही वर आली नाही. परवा ती स्वयंपाकघरात त्यातलीच एक चिरत होती. मी समोर जाऊन बसले आणि जन्मात कोणाला म्हटलं नव्हतं ते म्हटलं. "माझंच चुकलं, पोरी. मी तसं बोलाले नव्हतं पायजे. मले माफ कर." आणि मला रडू आलं.

तिने विळी बाजूला केली, ओढणीने माझे डोळे पुसले. इतक्या प्रेमाने ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती.

"तुम्ही काहून रडता, आई? ह्याच्यात तुमचं काय चुकलं? तुम्ही त मले पहिलेच सांगतलं होतं. मीच ऐकलं नाही."

मग तिने विळी ओढून घेतली आणि राहिलेली अर्धी लवकी चिरायला लागली.