मोठमायचे पैसे, माझा नंबर

लोणारचं सरोवर माझ्या यादीत सात वर्षं पडून होतं. दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. कधी सुट्टी, कधी गाडीचा क्लच, एकदा तर सोसायटीच्या पार्किंगवरून पेटलेलं भांडण. यंदा दिवाळीनंतर बायको माहेरी गेली, ऑफिसने मेहरबानी करून दोन दिवस सोडलं आणि गुरुवारी पहाटे पाचला मी धायरीतून एकटाच निघालो.

लवकर निघण्याचं कारण वाघोली. सहाच्या आत वाघोली ओलांडली नाही, तर पुढचा तास तुम्ही प्रवासी नसता, पार्किंगमधली गाडी असता. ओलांडली की मात्र नगर, छत्रपती संभाजीनगर, जालना असा रस्ता बरा आहे. पेट्रोल जाऊन-येऊन साधारण साडेपाच हजार, टोल वेगळा. नगरच्या पुढे एका टपरीवर मिसळ खाल्ली, साठ रुपये, तर्री पुण्यापेक्षा प्रामाणिक. जालन्यानंतर वस्ती विरळ होते, दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून मोकळी झालेली शेतं आणि मधूनच उभी तूर. माझं मूळ याच भागातलं. पुण्यात पंधरा वर्षं राहून जीभ तिरकस झाली आहे, पण तुरीचं शेत दिसलं की गाडीचा वेग आपोआप कमी होतो.

लॉज न घेता मुक्काम मोठमायकडे करायचं ठरवलं होतं. मोठमाय म्हणजे माझी मोठी काकू. लोणारपासून वीसेक किलोमीटरवर एका लहान गावात ती एकटी राहते. मूलबाळ नाही. मोठे बाबा जाऊन दहा वर्षं झाली, त्यांच्या पाठीमागे दीड एकर शेत तिच्या नावावर झालं. खरं सांगायचं तर भेटीची ओढ अर्धी होती आणि लॉजचे बाराशे वाचवण्याचा हिशोब अर्धा.

चारच्या सुमारास पोचलो. ती दारातच उभी होती. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून तिने नीट पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "नोकरी हाये ना आता?"

"आहे की. दीड वर्ष झालं नवीन लागून."

"मंग बरं," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली. मधे पाच महिने माझी नोकरी गेली होती हे आईने तिला फोनवर सांगितलं असणार. मला तेव्हा त्या प्रश्नाचं एवढंच वाटलं. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी खाऊन मी नऊलाच झोपलो.

शुक्रवारी सकाळी मी म्हटलं, चल, शेत दाखव. इथे थोडं मागचं सांगायला हवं. मोठे बाबा गेल्यावर पहिली काही वर्षं बियाणं माझा चुलतभाऊ संतोष आणून द्यायचा. संतोष वाईट माणूस नाही. पण बियाणं ज्याचं, शेतात काय लावायचं ते त्यानेच ठरवायचं, असं चाललं होतं. तो सोयाबीन आणायचा, मोठमाय सोयाबीन पेरायची. मग सरकारचे शेतकऱ्यांच्या खात्यात थेट येणारे पैसे सुरू झाले, दर चार महिन्यांनी दोन हजार. त्या दिवाळीला मी गावीच होतो. लॅपटॉप मांडीवर घेऊन तिचा अर्ज मीच भरला, तालुक्याच्या सुविधा केंद्रात नेऊन तिच्या आधारला नंबरही माझाच जोडला, कारण तिच्याकडे तेव्हा फोन नव्हता. घरात मला केवढा भाव मिळाला! हप्ता आल्याचा मेसेज मला पुण्यात यायचा आणि मी शेजाऱ्यांच्या फोनवर तिला कळवायचो.

दोन हजारांत पुण्यात दोन माणसांचं एक बरं जेवण होतं. मोठमायने त्यात पहिल्याच वर्षी तालुक्याला जाऊन स्वतः बियाणं घेतलं, दुकानदाराशी पिशवीच्या भावावरून हुज्जत घातली आणि सगळं गाव हसत असताना अर्ध्या शेतात ज्वारी पेरली. पाखरं खातील, एकटी बाई राखण कशी करेल, असं संतोषने बजावलं. कणसं भरल्यावर ही पत्र्याचा डबा वाजवत पंधरा दिवस बांधावर बसून राहिली. त्या वर्षी तिने मला पुण्याला दहा किलो ज्वारी पाठवली होती, एसटीने, कंडक्टरच्या हातापाया पडून.

तर आम्ही शेतावर गेलो. सगळं शेत एकाच पिकाचं होतं, सोयाबीन काढून झालेलं, मधे नवीन पाइपलाइन टाकलेली. मोठमाय बांधावरच थांबली. आत पाऊलसुद्धा टाकलं नाही.

"ज्वारी नाही लावली?"

"आता संतोषच्या हाती हाये सारं. मक्त्यानं देलं त्याले. पाच सालासाठी, कागद करून."

मक्ता म्हणजे वर्षाला ठरलेली रक्कम घ्यायची आणि शेत दुसऱ्याने करायचं. मी म्हटलं, पण का? तुझे सरकारचे पैसे येतात ना? ती माझ्याकडे बघेना. धसकटं तुडवत एक गाय चालली होती, तिच्याकडे बघत राहिली.

"ते तं दोन सालापासून नाई येत मले."

"नाही येत म्हणजे? मला का नाही सांगितलंस?"

"तुले काय सांगू?" ती अगदी हळू म्हणाली. "केंद्रावर गेली होती मी. आंगठा उमटेना. तो पोरगा म्हणे, नंबर पुण्याचा हाये, पुण्याले इचारा. गावात सारेच म्हणतात ना, पैसे मोबाइलवर येतात. मले समजलं. तुही नोकरी गेली होती तवाच. म्हणलं, लेकराले गरज असंन. ठेवले असतीन तं ठेवू दे. आपल्याच घरात हाये."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणते आहे. कळलं तेव्हा मी तिथेच बांधावर बसलो. दोन वर्षं ही बाई समजत होती की तिचे पैसे मी खातो आहे. आणि तिने ते कोणाला सांगितलं नव्हतं. संतोषला नाही, माझ्या आईला नाही. बियाण्यासाठी कोणापुढे हात पसरला असता तर सरकारचे पैसे कुठे गेले ते सांगावं लागलं असतं, म्हणून माझं नाव खराब होऊ नये यासाठी तिने सरळ शेतच देऊन टाकलं.

फोन काढून जुने मेसेज चाळले. होते. ओळख पडताळणी करा, नाहीतर हप्ता थांबेल, असे इंग्रजीत चार मेसेज. कर्जाच्या आणि फ्लॅटच्या जाहिरातींच्या मधे ते पडले होते. मी त्या सगळ्यांचाच आवाज बंद करून टाकला होता. नोकरी गेली त्या दिवसांत फोनकडे बघवत नव्हतं, हे खरं आहे. पण नोकरी लागल्यावर मी क्रिकेटचा स्कोअर बघत होतो, हेही खरंच आहे. हप्त्याचे मेसेज यायचे बंद झालेत, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

तिला मी तीनदा समजावलं, पैसे तुझ्या बँकेतच येतात, माझ्याकडे नुसता निरोप येतो. ती दरवेळी म्हणाली, "हो रे, मी कुठं काय म्हणलं?" माझी लाज झाकायचा तिचा तो प्रयत्न होता आणि त्यानेच मला रडू आलं.

दुपारी तिला गाडीत घालून तालुक्याच्या सुविधा केंद्रात नेलं. आठ जणांची रांग, एक पंखा, गरमागरम भजी समोरच वीस रुपयांत. यंत्रावर तिने अंगठा ठेवला. नाही उमटला. ओल्या फडक्याने पुसून ठेवला, तरी नाही. चाळीस वर्षं निंदण-वेचणी करून बोटांवरच्या रेघा पार गुळगुळीत झाल्या आहेत. केंद्रातला मुलगा म्हणाला, "काका, ओटीपी टाकू मग. नंबर कोणाचा?"

"माझा."

"आजी दोनदा येऊन गेल्या हो. तुम्ही एक फोन उचलला असता तर पाच मिनिटांचं काम होतं."

अनोळखी नंबर मी उचलत नाही. हे मी इतकी वर्षं अभिमानाने सांगत आलो आहे. ओटीपी आला, मी सांगितला, काम झालं. पाचसुद्धा नाही, तीन मिनिटं लागली. आधारवरचा नंबर बदलायला वेगळं यंत्र लागतं आणि ते मंगळवारीच येतं, म्हणून नंबर माझाच राहिला. रात्री संतोषशी बोललो. तो म्हणाला, "दादा, मी कर्ज काढून पाइपलाइन टाकली. कागद पाच वर्षांचा आहे. आता मी काय करू?" त्याचंही चुकत नव्हतं. तीन वर्षं अजून बाकी आहेत आणि मोठमायचं वय आता अडुसष्ट आहे.

शनिवारी लोणार पाहिलं. ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: सकाळी आठच्या आत पोचा, बूट घाला, पाणी जवळ ठेवा, उतरायला पाऊण तास आणि चढायला त्याच्या दुप्पट वेळ धरा. गावातल्या दैत्यसूदन मंदिरासाठी वेगळा तास काढा, कोरीव काम बघण्यासारखं आहे. खानावळीत दीडशेत पोटभर थाळी मिळते. सरोवर सुंदर आहे, सगळे म्हणतात तसंच. मी काठावर बसलो होतो आणि मला दिसत होती ती बांधावर थांबलेली मोठमाय. फोटो चार काढले, त्यातले दोन हललेत.

रविवारी परत निघालो. तिने डिकीत तुरीच्या शेंगा भरून दिल्या, शेजारणीकडून मागून आणलेल्या.

हे लिहायला महिना लावला, कारण लोणारच्या लेखात हे लिहावं की नाही ते ठरत नव्हतं. सरकारी मदतीने काय होतं यावर आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये जोरदार वाद होतात, फुकटची सवय वगैरे. मीही त्यात बोलायचो. आता गप्प जेवतो. दोन हजारांनी एका बाईला स्वतःच्या शेतात काय पेरायचं ते ठरवता येत होतं, आणि ते माझ्या बेफिकिरीने गेलं, एवढंच मला माहीत आहे. गावाकडच्या कोणाच्या अर्जावर तुमचा नंबर असेल तर आज जुने मेसेज उघडून बघा. लोणार कुठे पळून जात नाही.

गेल्या मंगळवारी ऑफिसला निघताना फोन वाजला. हप्ता जमा. मी जिन्यातच उभा राहून तिला फोन लावला. आता तिच्याकडे बटणांचा फोन आहे.

"मोठमाय, पैसे आले. तुझ्या खात्यात. बँकेत जाऊन काढून आण."

"आले का? बरं झालं."

"सगळे तुझेच आहेत. मला फक्त मेसेज येतो, कळलं ना?"

"हो रे, समजलं. सांगितलं ना तू." मग कोणी ऐकत नाही ना हे बघितल्यासारखा आवाज खाली आणून ती म्हणाली, "पण तुले लागत असतीन तं ठेव बाबा. मले आता कुठं बियाणं घ्यायचं हाये?"