चुन्याखालचं नाव

लिओनी पोमार ही बाई सकाळी मगरींच्या तळ्यावर आणि दुपारी जुन्या कबरस्तानात सापडायची. तिसरीकडे शोधायची सोयच नव्हती. सेंट ऑगस्टिन गावात हे सगळ्यांना ठाऊक. खाली मगर असली की घरटी लुटणारा रॅकून झाडावर चढायला धजत नाही, म्हणून बगळे नेमके तळ्यावरच्या ओकच्या झाडांवर घरटी बांधतात. लिओनी लाकडी पुलावर कॅमेरा लावून त्यांची पिल्लं टिपायची. दुपारी कबरींचे फोटो. नवरा गेल्यापासून तिनं असं मन रमवलं होतं.

त्या एप्रिलात तिची आई फिलोमिना हट्टाला पेटली. म्हातारीची नजर झपाट्यानं जात होती.

"पुरे झाले तुझे बगळे! बेनितोच्या दगडाचा फोटो आण. नाव दिसलं पाहिजे. डोळे जायच्या आत एकदा वाचू दे मला."

बेनितो म्हणजे लिओनीचा थोरला भाऊ, ती जन्मायच्या आधीच, पाळण्यात असताना वारलेला. दर वर्षी मृतांच्या दिवशी मायलेकी त्याच्या इवल्याशा दगडाला चुना फासायच्या. घरोघरची रीतच ती. पुटांवर पुटं चढून अक्षरं पार बुजली होती.

लिओनीनं दगड भिजवला, लाकडी चमच्यानं चुना हलक्या हातानं खरवडला आणि बाजूनं आरसा धरून उन्हाची तिरीप पाडली. अक्षरं उठून आली: अडेल. पुढे आडनाव, तेही परक्याचं.

कोण ही अडेल? मग बेनितो कुठाय? शेजारचा दगड पाहिला, पलीकडचा पाहिला. आपण रांग चुकलो? की आईच चुकली? छे, आई कशी चुकेल! काही केल्या उमगेना.

दुसऱ्या दिवशी पुलावर ह्युइट भेटला, तिच्यासारखाच बगळ्यांमागे वेडा झालेला म्हातारा.

"काय हो लिओनीबाई, बगळा समोर नाचतोय आणि तुमच्या कॅमेऱ्याला झाकण?"

तिनं सगळं सांगून टाकलं.

"हात्तिच्या! कॉम्प्युटरवर नाव बदलून देतो की. म्हातारीला काय कळतंय?"

"आईला फसवू?"

"मग खरं सांगा आणि घालवा तिचा जीव!"

समोर एक बगळी चोचीत काडी घेऊन आली आणि एवढ्या गर्दीत बरोब्बर आपल्याच घरट्यावर उतरली. लिओनीला तिचा असा राग आला म्हणता!

रविवारी ती पिशवीत दोन फोटो घेऊन आईकडे गेली, एक खरा आणि एक ह्युइटनं नाव बदलून दिलेला. टेबलावर कोळंबीचा पुलाव, वर इथली झणझणीत दातिल मिरची. तिनं ताट बाजूला सारलं. शेवटी तिनं खरा फोटो बाहेर काढला.

"आई, ऐक हं, जरा घोटाळा झालाय..."

म्हातारीनं फोटो खिडकीशी नेला, पार नाकाला टेकवला. "अ... डेल. अडेल!" तिचा चेहरा उजळला.

"आई, हा बेनितोचा दगड नाहीये गं."

"ते मला माहीत नाही होय? त्याचा लाकडी क्रूस पहिल्याच वादळात वाहून गेला. सगळी जमीन सपाट. वेड्यासारखी शोधत हिंडले. शेवटी या दगडापाशी बसले. त्याच्याकडे कुणीच येत नव्हतं. नाव तेव्हाच चुन्यात बुजलेलं, आणि खरवडून बघायचा धीर नाही झाला मला."

"आणि इतकी वर्षं मला सांगितलं नाहीस?" लिओनीचा आवाज चढला, आणि चढता चढताच फुटला.

म्हातारी फोटोवरून बोट फिरवत होती.

"जन्मभर बेनितो, बेनितो म्हणून हाका मारल्या गं या पोरीला. एकदा तरी तिच्या नावानं हाक मारायला नको?"