कामाचे हात

गल्लीत तिला सगळे रंगवाली म्हणायचे. पार्लर सुरू केलं होतं सासूबाईंनी, पण केस रंगवायला येणाऱ्या बायका खुर्चीत बसायच्या त्या सुनेसाठी. केसांवर नुसती नजर टाकली की कुठल्या नळीतला किती रंग वाटीत पिळायचा हे तिला कळायचं. खुर्चीतून उठलेली बाई रंगवल्यासारखी दिसता कामा नये, यातच तिची सगळी ऐट होती.

हातांचं मात्र वाटोळं झालं होतं. आधी बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली, मग बारीक पुरळ आलं, मग कातडी सोलवटून भेगा पडल्या. घरात असल्या हातांना नाव होतं. ‘कामाचे हात.’ पार्लर चालवलं तितकी वर्षं सासूबाईंचे हात असेच होते. काम सोडल्यावर ते हळूहळू मऊ पडले, आणि बाईंना त्याचंच वाईट वाटायचं. सुनेच्या बोटाला पहिली भेग पडली तेव्हा त्यांनी ती निरखून पाहिली होती आणि समाधानाने म्हणाल्या होत्या, ‘‘आता शोभतेस पार्लरवाली.’’

एवढी शाबासकी मिळाल्यावर डॉक्टरकडे कोण जाणार? तिने घरच्या घरी शोध सुरू केला. वांगी सोडली, अंडी सोडली, साबण तीनदा बदलला. भांडी नवऱ्याच्या गळ्यात मारली. त्याचे हात ठणठणीत राहिले, तोंड तेवढं वाकडं झालं. हिच्या भेगा मात्र होत्या तिथेच होत्या.

पार्लरमध्ये केस कापायचं काम नणंदेकडे होतं आणि तोंडाचा पट्टाही तिच्याचकडे. ती म्हणाली, ‘‘वहिनी, तुला कामाचीच अ‍ॅलर्जी आहे.’’ सगळ्याजणी हसल्या, रंगवालीही हसली. पण ते वाक्य तिच्या मनात घर करून बसलं. खरंच कामाची निघाली तर? दुसरं तिला काही येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही यावं असं कधी वाटलंही नव्हतं.

शेवटी एका जुन्या गिऱ्हाइकाने तिची बोटं पाहून मान किंचित आखडून घेतली आणि हळूच विचारलं, ‘‘हे दुसऱ्याला लागत नाही ना?’’ रंगवालीने हसून नाही म्हटलं, पण तिला ते फार लागलं. त्याच आठवड्यात सामान आणायला जाते असं सांगून ती त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या ठिपक्यांची पट्टी चिकटवली, दोन दिवस पाठ भिजवू नका आणि खाजवू नका म्हणून बजावलं. खाजवू नका म्हटलं की जगातली सगळी खाज तिथेच गोळा होते. ती दाराच्या चौकटीला पाठ टेकायची आणि लगेच दूर व्हायची. सासूबाईंनी विचारलं, तेव्हा पाठ धरलीय म्हणून वेळ मारून नेली.

पट्टी निघाली. साबणाचा ठिपका कोरा होता, अत्तराचाही. केसांच्या काळ्या रंगात जे रसायन असतं, त्याच्या ठिपक्याखाली मात्र लालभडक गांधी उठली होती.

‘‘पण मी इतकी वर्षं रंग लावतेय,’’ ती म्हणाली. ‘‘आताच कसं होईल?’’

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. अ‍ॅलर्जी म्हणजे नवी वस्तू अंगाला न मानवणं, असं लोकांना वाटतं. खरं तर एखादी वस्तू पुन्हा पुन्हा अंगाला लागत राहते आणि एक दिवस शरीर तिच्याशी वैर धरतं. ते वैर सहसा सुटत नाही. खाज दाबायला मलम मिळेल, पण तेही थोडेच दिवस. खरा उपाय म्हणजे त्या वस्तूपासून लांब राहणं. मग त्यांनी हातमोजे घालता का म्हणून विचारलं.

हे तिला अभिमानाने सांगता येण्यासारखं होतं. हातमोज्यांशिवाय आमच्याकडे कुणी रंगाला हात लावत नाही, ती म्हणाली. काम झालं की मोजे उलटे सोलून काढायचे, धुवायचे, आरशामागच्या दोरीवर चिमट्याने लटकवायचे. दुसऱ्या वेळी तसेच उलटे घालायचे. एका जोडीत दोन जोड्या. सासूबाईंची युक्ती.

डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या. ‘‘म्हणजे रंगाची बाजू आत?’’

रंगवालीने आपल्या बोटांच्या भेगांकडे पाहिलं. रंग धुण्याने पुरता जात नाही, हे गिऱ्हाइकांना रोज सांगणारी तीच होती.

पार्लर सोडायचं का, असं तिने विचारलं. डॉक्टरीणबाई नाही म्हणाल्या. केस धुवा, कापा. रंगवून धुतलेल्या केसांनी सहसा त्रास होत नाही. ओला रंग मात्र आता दुसऱ्याने लावायचा, आणि लावणारीनेही मोजे एकदा वापरून फेकायचे. हायसं वाटलं तिला, आणि रडूही आलं. रंगवालीने रंगाला हात लावायचा नाही म्हणजे मग उरलं काय?

घरी तिने सगळं सांगून टाकलं. सासूबाईंनी आपले मऊ तळवे डोळ्यांसमोर धरले.

‘‘म्हणजे माझंही हेच?’’

‘‘असेल, आई.’’

‘‘जन्मभर खाजवत बसले,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आणि वर तुला शाबासकी दिली.’’

त्या उठून आरशामागे गेल्या. दोरीवरचे मोजे एकेक काढून त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकले. चिमटे तेवढे नीट वेचून ठेवले.

आता रंग नणंद लावते, नवे निळे मोजे घालून. रंगवाली हात पाठीमागे बांधून बाजूला उभी राहते आणि सांगते, अजून जरा तपकिरी पीळ, कानामागे राहिलंय, आता थांब. पहिले काही दिवस तिचे हात आपोआप पुढे यायचे. गिऱ्हाईक अजून तिचंच नाव काढत येतं, आणि नणंद म्हणते, राबायचं मी आणि मिरवायचं वहिनीने.

एका दुपारी पार्लर रिकामं असताना सासूबाईंनी सुनेला जवळ बोलावलं. तिचा हात हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला, बोटांच्या बेचक्यांतून अंगठा फिरवला. एकही भेग उरली नव्हती.

‘‘आता झाले,’’ त्या म्हणाल्या, ‘‘कामाचे हात.’’