‘घाटराणी’चा तिसरा अंक

आधीच सांगतो — मी मुरबाडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. दिवसभर रक्त-लघवी तपासणाऱ्या माणसाला भुताखेतांचं कौतुक नसतं. या सदरातले अनुभव मी जेवताना हसायला म्हणून वाचायचो. आता तुम्ही माझ्यावर हसा, माझी तक्रार नाही.

टोकावड्याच्या पुढे, माळशेज रस्त्यापासून आत, मधूमामाचं गाव. मामा निवृत्त शिक्षक. तरुणपणी त्याने ‘संगीत घाटराणी’ नावाचं नाटक लिहिलं, चालीही स्वतःच लावल्या. दरवर्षी जत्रेला ते होतं. पदं अशी, की भात लावताना बायका आजही म्हणतात... आणि संवाद असे, की ते सुरू झाले की अर्धी जत्रा चहाला उठते.

खरा घोळ तिसऱ्या अंकाचा. गाऊ देत नाही म्हणून राणी नवऱ्याचं घर सोडते, इथपर्यंत ठीक. पुढे काय? मामाने तो अंक अकरा वेळा बदलला. एकदा राणीला साप चावला, एकदा नवरा साधू झाला, एकदा तर फौजदार आला! बहुतेक वेळा मात्र ती परत येऊन नवऱ्याच्या पाया पडायची आणि लगेच शेवटचं पद. पद इतकं सुंदर, पण पाया पडलेल्या बाईच्या तोंडी ते शोभायचंच नाही.

प्रॉम्प्टिंग मामी, म्हणजे सरुबाई, करायची, पडद्यामागे पाटावर बसून. तिला वाचता येत नव्हतं. मामाने एकदा वाचून दाखवलं की नाटक पाठ. प्रत्येक नवा अंक ऐकून ती एवढंच म्हणायची, “बरं.” चार वर्षांपूर्वी मामी गेली आणि पाट माझ्याकडे आला.

यंदा मंडळींनी ठरवलं — नाटक बंद, नुसत्या पदांचा कार्यक्रम. मामाची नजर आता जवळजवळ गेली आहे. तो म्हणाला, “एक तालीम करा. नाय जमली तर मी हट्ट सोडला.”

तालीम रविवारी दुपारी, शाळेच्या हॉलमध्ये. मी सकाळी दुरुस्तीला टाकलेला तबला आणायला टोकावड्याला गेलो, आणि शहाण्यासारखी संहितेची एकुलती एक वही पिशवीत घेऊन गेलो. परतीची एसटी आलीच नाही. फोनला रेंज नाही. फाट्यावर झाडाखाली बसून राहिलो.

ती दुपार काही वेगळीच होती. वारा पडलेला, घाटाचे डोंगर धुरकट, रस्त्यावर एक गाडी नाही. माझा डोळा लागला असावा. कुठूनतरी लांबून शेवटचं पद ऐकू येत होतं आणि मध्ये मध्ये कुणीतरी हळू बोलत होतं. काय ते कळत नव्हतं, पण ऐकत राहावंसं वाटत होतं... मिनिटभर पेंगलो म्हणून घड्याळ बघितलं, तर दोन तास गेलेले. मग एका ओळखीच्या बाइकवरून कसाबसा पोचलो.

तालीम संपली होती. पेटीवाला डोळे पुसत होता. राणीचं काम करणारी सुगंधा, आमची अंगणवाडीची ताई, माझ्याकडे धावत आली.

“दादा, नवा अंक कधी लिवला? आमाला सांगायचं तरी!”

“कसला अंक? मी आत्ता येतोय.”

“काय पण! पडदा हलला तवा आमाला वाटलं, मागच्या दारानं आलात. पाटावरून सांगत तर होता तुमी.”

मी पिशवीतून वही काढून दाखवली. तिचा चेहरा उतरला.

“आवाज बाईचा होता का बाप्याचा?” मी विचारलं.

“आता आठवत नाय वो... वाक्य यायचं, आमी बोलायचो.”

मग तिने शेवट करून दाखवला. राणी परत येते, पण उंबऱ्याबाहेर थांबते. म्हणते, “मी आत आले तर गाणं बाहेर राहील. त्यापेक्षा तुम्हीच बाहेर या.” नवरा येतो, अंगणात तिच्याशेजारी बसतो. आणि ती गायला लागते.

मामा कोपऱ्यात खुर्चीवर होता. “ती दर वेळी ‘बरं’ म्हणाली,” तो म्हणाला, “आणि मी कधी पुढं विचारलंच नाय रे.” मामी गेली तेव्हाही न रडलेला माणूस त्या दिवशी ढसाढसा रडला. मी त्याचा हात धरून बसलो.

नाटक झालं, तेही पूर्ण. तिसऱ्या अंकाला कुणी उठलं नाही. चहावालाच स्टोव्ह बंद करून बघायला आला.

मी कारणं शोधली. सगळ्यांनी मिळून जागच्या जागी रचलं म्हणावं, तर सुगंधाला दोन ओळी प्रॉम्प्टरशिवाय येत नाहीत. मामीच होती, असंही मी म्हणणार नाही. तिचा आवाज अख्खं गाव ओळखतं, आणि त्या दुपारी तो कुणीही ओळखला नाही. मग कोण?

जत्रेच्या आदल्या दिवशी मामाने मला नाटकाचा बोर्ड रंगवायला बसवलं. ‘पदे’ म्हणून त्याने स्वतःचं नाव सांगितलं. ‘संवाद’ म्हणून म्हणाला, “सरुबाई लिही.”

“मामा, लोक विचारतील.”

“विचारू दे,” तो म्हणाला. “तिला वाचता येत नव्हतं... तरी मोठ्या अक्षरात काढ.”

मी काढलं.