गव्हर्नरांची प्रतिनिधी

अर्डिस हालव्हर्सन आणि मी एकाच शाळेच्या स्वयंपाकघरात म्हाताऱ्या झालो. मोठी पातेली तिच्याकडे, खिडकीतून वाढायचं काम माझ्याकडे. बोलायला फटकळ, पण गावात कुणाच्या घरी मयत झालं की पहिलं जेवण तिच्याकडूनच जायचं. नवरा ऑर्विल मक्याचा ट्रक चालवायचा. मूलबाळ नव्हतं.

राजकारणाशी तिचा संबंध जडला तो पुरामुळे. आमची नदी रस्त्यावर आली त्या वर्षी क्लेटन मार्श नावाचा एक माणूस गुडघ्यापर्यंतचे बूट घालून आला आणि ऑर्विलच्या शेजारी उभा राहून वाळूची पोती भरू लागला. बरोबर फोटोवाला नाही, की कुणी चेला नाही. रात्री अर्डिसच्या टेबलावर दोघं चिखलाच्या कपड्यांनीच जेवले. पुढे तो माणूस आमच्या आयोवा राज्याचा गव्हर्नर झाला. ऑर्विल हृदयविकाराने गेला तेव्हा गव्हर्नर स्वतः आले, चर्चमध्ये त्याच्याबद्दल बोलले. आमच्या पाद्रीबुवांना इतक्या वर्षांत तसं बोलता आलं नव्हतं.

त्यामुळे गव्हर्नर राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले तेव्हा अर्डिस घरी बसणं शक्यच नव्हतं. कडाक्याच्या थंडीत ती दारोदार फिरली. शाळेच्या व्यायामशाळेत गावची सभा भरली, तिथे ती उभी राहून बोलली. पक्षाच्या उमेदवारीसाठी गव्हर्नर एकेक राज्य जिंकत गेले. ऑगस्टमध्ये पक्षाचं अधिवेशन होतं. तिथे त्यांना उमेदवार म्हणून रीतसर मत द्यायला आमच्या भागातून प्रतिनिधी म्हणून अर्डिस निवडून आली. तिने निळा सूट शिवून घेतला.

जूनमध्ये सगळं फिरलं. सीडर रॅपिड्सच्या सभेत गव्हर्नरांनी एकच गोष्ट तीनदा सांगितली. लोक आधी हसले. मग गव्हर्नर मध्येच थांबले आणि वाट चुकल्यासारखे बायकोकडे बघत राहिले. पुढच्या आठवड्यात ओहायोत तेच झालं. उमेदवार बदला, अशी वर्तमानपत्रांतून ओरड सुरू झाली.

एका दुपारी आमच्या राज्यातला पक्षाचा अध्यक्ष, ग्रेग टीडमन, अर्डिसकडे आला. मी तिथेच मटार सोलत होते.

"गव्हर्नरांना काढायचं असेल तर काढा ना," अर्डिस म्हणाली. "पक्ष तुमचाच आहे."

"तसं होत नाही, अर्डिस. लोकांनी त्यांना मतं दिली, त्या मतांवर तुम्ही प्रतिनिधी झालात. आता एक तर त्यांनी स्वतः बाजूला व्हायचं, नाही तर अधिवेशनात तुम्ही लोकांनी सांगायचं, की आमचं मन आता ग्वाही देत नाही. मला त्यात काही करता येत नाही."

"मग सांगा त्यांना, बाजूला व्हा म्हणून."

"सांगून झालं. दोन सेनेटर जाऊन आले. लोइसने कॉफीसुद्धा विचारली नाही." लोइस म्हणजे गव्हर्नरांची बायको.

"आणि माझं ऐकतील?"

"तुम्ही त्यांच्या घरच्यासारख्या. तुम्ही उघड बोललात तर बाकीचे बोलतील. आत्ता सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेत."

मला राहवलं नाही. "म्हणजे सेनेटरांना जमलं नाही, म्हणून वाईटपणा घ्यायला शाळेतली आचारीण शोधलीत."

टीडमन लाल झाला, पण नाही म्हणाला नाही. अर्डिस म्हणाली, "मी आधी त्यांना भेटेन. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी कुणाबद्दल बोलत नाही."

हमरस्त्यावर गाडी चालवायला ती घाबरायची, म्हणून राजधानीला, डे मॉइनला, गव्हर्नरांच्या घरी मीच तिला घेऊन गेले. गव्हर्नरांनी दारातच तिला मिठी मारली. पुराची आठवण काढली. पोती कुठल्या कोपऱ्यावर रचली होती, कुणाची गाय छपरावर अडकली होती, सगळं बरोबर सांगितलं. अर्डिसने माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा उजळला होता. माझाही जीव भांड्यात पडला.

मग गव्हर्नर खिडकीकडे वळून म्हणाले, "ऑर्विल कुठे राहिला? गाडी लावतोय का अजून?"

दारात लोइस ट्रे घेऊन उभी होती, ती तिथेच थिजली. अर्डिसने मांडीवरची पर्स घट्ट धरली.

"त्याला आज काम होतं," ती म्हणाली. "बरा आहे तो."

"त्याला सांग, माझ्या शपथविधीला पहिल्या रांगेत बसायचं."

"सांगते."

निघताना लोइस गाडीपर्यंत आली. "काही दिवस अगदी चांगले असतात," ती म्हणाली. "तू आत काही बोलली नाहीस, हे तुझे उपकार आहेत. आता बाहेरही बोलू नकोस. निवडणूक होऊ दे, मग काय ते मी बघेन."

"निवडणुकीनंतर सगळा देश त्यांच्या हातात असेल, लोइस."

लोइस आत गेली.

परतीच्या वाटेवर अर्डिस म्हणाली, "मी खोटं का बोलले?"

"दुसरं काय बोलणार होतीस?"

"ऑर्विल गेला, एवढंच. आणि विचारायचं होतं, की क्लेटन, तुम्हाला बरं नाहीये का? त्यांनी माझं ऐकलं असतं. निदान माझ्या तोंडून, माझ्यासमोर ऐकलं असतं."

"गाडी वळवू का?"

ती शेतांकडे बघत राहिली. "नको. आता लोइस दार उघडायची नाही."

दुसऱ्याच दिवशी तिच्या पायऱ्यांवर टीव्हीवाली मुलगी उभी. अर्डिसने ठरवलं होतं एकच वाक्य बोलायचं: गव्हर्नर आजारी आहेत, मी त्यांना मत देऊ शकत नाही. पण मुलीने गोड आवाजात विचारलं, तुम्हाला हे कशावरून वाटतं? आणि अर्डिसच्या तोंडून निघून गेलं, "ते माझ्या नवऱ्याची चौकशी करत होते. माझा नवरा वारलाय."

ते वाक्य देशभर वाजलं. रात्रीच्या कार्यक्रमांत त्यावर विनोद झाले. एकामागून एक प्रतिनिधी बोलू लागले. आठवडा संपायच्या आत गव्हर्नरांनी कागदावरून वाचून माघार जाहीर केली. दमलो आहे, म्हणाले. लोइस शेजारी उभी होती, कुणाकडेच न बघता.

त्यानंतर अर्डिसचा फोन थांबेना. जागा रिकामी झाल्यावर चौघे उमेदवारीसाठी पुढे आले होते आणि प्रतिनिधी आता कुणालाच बांधलेले नव्हते. ज्यांनी आमच्या गावाचं नाव ऐकलं नव्हतं ते तिला नावाने हाक मारून तब्येत विचारत होते. अधिवेशनात मतदानाच्या दुसऱ्या फेरीला कोलोरॅडोच्या सेनेटर बाई उमेदवार म्हणून निवडून आल्या. गव्हर्नरांच्या नावाचे फलक हमाल हातगाडीवरून मागच्या दाराने नेत होते, ते अर्डिसने बघितलं. तिचं मतही बाईंनाच गेलं. हॉलमध्ये सगळे नाचत होते. ही खुर्चीत बसून होती, असं टीडमननेच मला सांगितलं.

नोव्हेंबरच्या निवडणुकीत पक्ष थोडक्यात हरला. गावात निम्मे म्हणत, गव्हर्नरच असते तर जिंकलो असतो. निम्मे म्हणत, अर्डिस महिनाभर आधी बोलली असती तर बाईंना वेळ मिळाला असता. ती दोघांचंही ऐकून घ्यायची. पण ऑर्विलचा चुलतभाऊ मर्ल वाण्याच्या दुकानात म्हणाला, "ऑर्विलला टीव्हीवर कशाला ओढलंस?" तेव्हा ती सामान तसंच टाकून घरी आली.

वसंतात ती पुन्हा डे मॉइनला गेली. या वेळी एकटीच, हमरस्ता टाळून, गावागावांतून. लोइसने जाळीचं दार उघडलं नाही. आतून टीव्हीचा आवाज येत होता आणि कुणीतरी खोकत होतं.

"ते माझ्यावर रागावलेत का?" अर्डिसने विचारलं.

"नाही," लोइस म्हणाली. "निवडणूक होती, हेच त्यांना आठवत नाही. मला आठवतं."

"मी त्या दिवशी त्यांनाच सांगायला हवं होतं. टीव्हीला नाही."

"हो," लोइस म्हणाली. "सांगायला हवं होतंस. कदाचित मीसुद्धा." मग आतून हाक आली आणि लोइस गेली.

हे अर्डिसने मला भांडी घासता घासता सांगितलं, माझ्याकडे पाठ करून. पक्षाच्या बैठकांना ती आता जात नाही. मत मात्र देते. सकाळी लवकर जाते, कुणाला दिलं ते सांगत नाही. मध्यंतरी टीडमनचा फोन आला होता, पुढच्या वेळी प्रतिनिधी व्हाल का म्हणून. कुणीतरी तरुण बघा, असं म्हणून तिने फोन ठेवला.