पाय लागला म्हणून

महाराष्ट्र नवा झाला त्या दिवसांत धाड गावच्या तालमीत आम्हाला लाथ मारायला शिकवणारा तो माणूस बाजारात मिरच्या विकायचा. बोलता बोलता पायाचा अंगठा मातीत घुमवत राहायचा.

"लाथ गुडघ्याच्या वर नेऊ नको बे. वर गेलेला पाय धरल्या जाते. नडगीवर हाण अन् पळ."

सरावात मात्र त्याची लाथ कुणाला बसली, की तो लगेच वाकून त्याला हात लावायचा आणि तो हात कपाळाला टेकवायचा. आम्ही हसायचो.

"जीव वाचवाले मारली, हे खरं. पण पाय त माणसालेच लागला ना!"

एका बाजाराच्या दिवशी एक दारुडा विळा उगारून त्याच्या अंगावर आला. त्याने नडगीवर एकच लाथ घातली, दारुडा आडवा झाला. आता पळायचं होतं. पण तो सवयीने वाकला, हात पुढे केला, आणि पडल्या पडल्या दारुड्याने विळा फिरवला.

दवाखान्यात मी चिडून विचारलं, "काऊन वाकले तुम्ही?"

"पाय लागला होता ना बे."

तालीम त्याने सोडली. पुढे एसटीच्या गर्दीत कुणाला त्याचा पाय लागला, की तो तसाच वाकायचा आणि दोनच बोटं उरलेला हात कपाळाला न्यायचा. आम्ही कुणी हसायचो नाही.