बोलण्याचे मार्क

"ठणकते का टोचते? नीट सांगा ना." सिस्टर प्रत्येक पेशंटला असं विचारायची आणि मग तोच प्रश्न जर्मनमध्ये पुटपुटायची. पेशंट घाबरून माझ्याकडे बघायचा.

मी त्या दवाखान्यात आया होते. सिस्टर पुसदकडची. बोंडअळीने दोन वर्षं कापूस खाल्ला, तेव्हापासून घर तिच्याच पगारावर होतं, आणि इथली नोकरी कंत्राटाची, मार्चपर्यंतच. जर्मनीत नर्स हव्या होत्या. पण त्या भाषेच्या सहा पायऱ्या असतात. चौथी पायरी, बी-टू, चढल्याशिवाय तिकडे कोणी घेत नाही.

मग ती सगळ्यांनाच त्या पायऱ्यांवर मोजायची. डॉक्टर बाहेरच्या राज्यातले. "साहेब मराठीत ए-टू, दुसरीच पायरी," ती हळूच म्हणायची. माझं माहेर कोलाम आदिवासींच्या पोडाला, वस्तीला लागून, म्हणून कोलाम बायका आल्या की त्यांच्याशी मीच बोलायचे. एकदा ते ऐकून म्हणाली, "मावशी, तुमची कोलामी बी-वन हाय! लाजता कायले?"

शाळेतल्या चौथीनंतर मला कोणी पास केलं नव्हतं. मी पदराआड हसले.

पुण्याला परीक्षा झाली. वाचणं, ऐकणं, लिहिणं पास. बोलण्यात नापास.

"काहून?" मी विचारलं.

परीक्षा घेणारी बाई खोटी-खोटी पेशंटची बायको झाली होती. नवरा नुकताच गेलेला. सिस्टरने तिच्याशी बोलायचं होतं.

"मी तिले पाणी देल्लं, मावशी. अन् जवळ बसली."

"मंग?"

"मंग वेळ संपला."

फवारणीच्या दिवसांतला, विषबाधेच्या पेशंटनी भरलेला आमचा वॉर्ड तुम्ही पाहिला असेल, तर तिचं चुकलं असं म्हणणार नाही. इथे ती तेवढंच करायची. तेवढं पुरायचं.

त्यानंतर तीन महिने रोज दुपारी, चादरींच्या खोलीत, मी ती बायको झाले. सिस्टर जर्मनमध्ये माझी समजूत काढायची. मला शब्द कळत नसत. ती थांबली की बोट वर करायचं, म्हणजे ती पुढे बोलायची, एवढंच माझं काम.

दुसऱ्यांदा ती पास झाली. वॉर्डात पेढे वाटले.

त्याच आठवड्यात घाटंजीकडच्या एका बाईचा नवरा गेला. सिस्टर तिच्याजवळ बसली आणि बोलायला लागली. मराठीतच, पण वाक्यामागून वाक्य. बाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"माय, जराशी चूप राह्य ना," ती म्हणाली.

सिस्टर उठून बाहेर गेली. मी तिच्या जागेवर बसले.

पुढच्या महिन्यात ती जर्मनीला गेली. कधीमधी फोन येतो. भराभर बोलते, मध्ये थांबत नाही. मी नुसती ऐकते.